रॉड बांधायचा, पण कोणत्या ब्लँकवर?

गरवायचा नाद लागलेला माणूस दोन-चार तयार रॉड वापरून झाले की एक दिवस स्वतःच रॉड बांधायच्या गोष्टी करू लागतो. सामानाची यादी तशी छोटी. गाइड, रीलसीट, कॉर्कची किंवा ईव्हीए फोमची मूठ, नायलॉनचा दोरा, इपॉक्सी आणि हे सगळं अंगावर घेणारा ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती निमुळती नळी. बाकीच्यात काही बिनसलं तर दुरुस्त करता येतं. गाइड तिरकी बसली तर ब्लेडने दोरा कापून पुन्हा बांधावा, मूठ आवडली नाही तर कापून काढून दुसरी घालावी. ब्लँकच चुकीचा निघाला तर त्यावर कितीही सुबक काम केलं तरी रॉड फसलेलाच. आणि नेमकी हीच वस्तू आपल्याकडे बहुतेक वेळा हातात न घेता, फोटो आणि चार आकडे बघून मागवावी लागते.

ते आकडे कसे वाचायचे, त्यांतल्या कशावर भरवसा ठेवायचा, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्लँकवर छापलेलं 'मीडियम', 'फास्ट' वगैरे हे कारखान्याचं मत असतं. ते प्रामाणिक असू शकतं, पण मोजमाप समजून त्यावर पैसे लावू नयेत. आपण किती वजन फेकणार आहोत, तिथून निवड सुरू करायची. ब्रँड, कार्बनचा दर्जा, रंग हे सगळं त्यानंतर.

आज ब्लँक म्हटलं की कार्बनच डोळ्यांपुढे येतो, पण या नळीचं मूळ घराणं बांबूचं आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतले रॉड हिकरी, अ‍ॅश, लान्सवूड, गयानाहून येणारा ग्रीनहार्ट अशा लाकडांचे असत. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप या बंदुका घडवणाऱ्या कारागिराने 1840च्या दशकात बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या पुन्हा एकमेकींना चिकटवून रॉडचे भाग बनवले. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांचा षटकोनी रॉड यंत्रावर काढला आणि हा छंद धंद्यात बदलला. त्या सुरुवातीच्या रॉडांसाठी जो बांबू लागे त्याला 'कलकत्ता केन' म्हणत, कारण तो भारतातला होता आणि कलकत्ता बंदरातून बोटीवर चढत होता. विसाव्या शतकात त्याची जागा चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या टोंकिन केनने घेतली. सालीखालचा तंतूंचा थर जाड, पेरं लांब आणि सरळ, त्यामुळे कारागिरांना तो जास्त सोयीचा पडला.

टोंकिन केनचा पुरवठा मात्र राजकारणाने तोडला. कोरियाच्या युद्धात, 1950 साली, अमेरिकेने चिनी मालाची आयात बंद केली. तोवर फायबरग्लास दारात उभाच होता. आर्थर हॉवल्ड हा काच-तंतू आणि राळ यांच्या उद्योगातला माणूस. त्याच्या पद्धतीवर शेक्सपिअर कंपनीने काढलेला 'वंडररॉड' 1940च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी दुकानांत आला आणि बांबूच्या मानाने स्वस्त, पाण्याला न भिणारा रॉड सामान्य माणसाच्या हाती पडला. कार्बन आला तो विमानांच्या मागोमाग. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये 1960च्या दशकात बळकट कार्बन तंतू तयार झाला आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला फेनविक या अमेरिकी कंपनीने 'ग्रॅफाइट' रॉड विकायला काढले.

आपल्या कोकणात हा सगळा प्रवास बाजूने निघून गेला. तिथे माणगा होता आणि आहे. जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा हा बांबू काठीला इतका सोयीचा की त्यावर रीलही नको, शेंड्याला दोरी आणि गरी बांधली की काम भागतं. खाडीकाठी बसून शिंगाडा किंवा छोटी तांबोशी काढायला आजही मला त्यात काही कमी दिसत नाही. प्रश्न सुरू होतो तो दूर फेकायचं असतं तेव्हा.

आता ब्लँक कसा बनतो ते पाहू, कारण पुढचे सगळे वाद त्यातून निघतात. केसाहून बारीक कार्बनचे तंतू शेजारी शेजारी मांडून इपॉक्सीत भिजवलेला पट्टा तयार करतात, त्याला प्रीप्रेग म्हणतात. त्यातून लांबट, एका टोकाला निमुळता तुकडा कापायचा आणि तो निमुळत्या पोलादी सळईभोवती दाबून गुंडाळायचा. या सळईला मँड्रेल म्हणतात. वरून पारदर्शक प्लास्टिकची फीत ताण देऊन वळशावळशाने लपेटायची आणि सगळं भट्टीत टाकायचं. इपॉक्सी पक्की झाली की सळई ओढून काढायची आणि फीत सोलायची. न घासलेल्या ब्लँकवर नखाचं टोक उभं फिरवलं तर त्या फितीच्या वळशांचे बारीक चढउतार लागतात, उजेडात तिरकं धरलं तर दिसतातही. काहीजण याला कच्चं काम समजतात. खरं तर हा चांगला भाग आहे. वाकताना सर्वात जास्त ताण नळीच्या सर्वात बाहेरच्या तंतूंवर येतो आणि गुळगुळीत दिसावं म्हणून फार घासलं तर कापले जातात तेही हेच तंतू. चकचकीत रंगाच्या ब्लँककडे मी म्हणून जरा संशयाने बघतो.

लांबीच्या दिशेने मांडलेले तंतू वाकण्याला विरोध करतात. पण नुसते तेवढेच असले तर जोर आल्यावर नळी वाकण्याआधी चपटी होईल आणि शहाळ्यातल्या स्ट्रॉसारखी एका जागी मोडेल. म्हणून आत आडव्या तंतूंचा एक पातळ थर देतात, कधी कार्बनचा, कधी काचेच्या विणलेल्या जाळीचा. हा थर बाहेरून दिसत नाही, जाहिरातीत त्याचा क्वचितच उल्लेख असतो, आणि ब्लँक टिकणार की नाही हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

जाहिरातीत असतो तो मॉड्युलस. म्हणजे तंतू ताणाला किती दाद देत नाही त्याचा आकडा. जपानी आणि चिनी मालावर '24 टन', '30 टन', '40 टन' असं लिहिलेलं असतं. हे टन रॉड उचलू शकेल त्या वजनाचे नव्हेत, हे दुकानात कुणीतरी सांगायला हवं. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तंतूचा ताठपणा टनांत मांडायची ती पद्धत आहे. 24 टन म्हणजे साधारण 235 गिगापास्कल, जपानच्या तोरे कंपनीचा टी 700 हा प्रसिद्ध तंतू याच गटातला. 30 टनाच्या गटात टी 800 येतो आणि 40 टनाच्या आसपास एम 40 जे. साध्या ई-ग्लासचा आकडा याच मापात सात-साडेसात टन भरतो. शिवाय काच कार्बनपेक्षा जड. वजनागणिक ताठपणा काढला तर साधा कार्बन तंतूसुद्धा काचेच्या चौपटीहून पुढे जातो. कार्बन का जिंकला याचं सगळं उत्तर या एका भागाकारात आहे.

पण ताठपणा म्हणजे ताकद नव्हे, आणि इथेच ग्राहक फसतो. टी 700 तंतू तुटण्याआधी सुमारे दोन टक्के ताणतो. एम 40 जे जेमतेम सव्वा टक्का. काच चार-पाच टक्के. म्हणजे आकडा चढत जातो तशी चूक माफ करायची तयारी कमी होत जाते. त्यात भर अशी, की ताठ तंतू वापरला की तेवढाच जोर मिळवायला माल कमी लागतो. कारखाना नळीची भिंत पातळ करतो आणि हातात धरल्यावर 'काय हलका आहे!' म्हणून आपण खूश होतो. मग एखाद दिवशी तीस ग्रॅमचा जिग फेकताना ब्लँकवर आपटतो, किंवा घरात रॉड जोडून दाखवताना शेंडा पंख्याला लागतो. तेव्हा काही दिसत नाही. तो ओरखडा दोन महिन्यांनी साध्या माशावर बोलतो. चाळीस टनी ब्लँक वाईट असतो असं नाही. होडीत, दगडांवर, गाडीच्या डिकीत रॉड वापरणाऱ्याला तो परवडत नाही, एवढंच. 'आयएम 8' सारखी नावं मूळची एका तंतू बनवणाऱ्या कंपनीच्या मालिकेतली, आता ती कोणीही कशावरही छापतो. '98 टक्के कार्बन' हेही तसंच: कार्बन किती हे कळलं, कोणता ते कळलं नाही.

ताठपणाचं दुसरं मूळ नळीच्या आकारात आहे. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, भिंतीच्या जाडीच्या मात्र साध्या प्रमाणात. व्यास दुप्पट केला तर तोच ताठपणा एक अष्टमांश जाडीत मिळतो आणि वजन एक चतुर्थांश होतं. कागदावर हे फार गोड दिसतं. प्रत्यक्षात तेवढी पातळ भिंत बोटाच्या दाबानेही दबेल. म्हणून प्रत्येक ब्लँक ही जाड नळी पातळ भिंत आणि बारीक नळी जाड भिंत यांच्यामधली कुठलीतरी तडजोड असते. दोन ब्लँक सारख्याच ताकदीचे सांगितले असतील आणि एकाचा बुडाचा व्यास 14 मिलिमीटर, दुसऱ्याचा 11 असेल, तर पहिला हलका आणि नाजूक, दुसरा किंचित जड आणि दणकट असण्याची शक्यता मोठी. व्यासाचा आकडा बहुतेक विक्रेते देतात, वजनाचाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायची सवय लावावी. मॉड्युलसच्या जाहिरातीपेक्षा ते जास्त खरं बोलतात.

आता पॉवर आणि अ‍ॅक्शन. या दोन गोष्टींची गल्लत अनुभवी लोकही करतात. पॉवर म्हणजे ब्लँक वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठे वाकतो: फक्त शेंड्याकडे वाकला तर फास्ट, मध्यापर्यंत वाकला तर मॉडरेट, मुठीपर्यंत कमान झाली तर स्लो. लाइट पॉवरचा फास्ट ब्लँक असतो आणि हेवी पॉवरचा स्लोही असतो. गोंधळ यापुढचा आहे. 'मीडियम हेवी' म्हणजे नेमका किती जोर, याचं जगात कुठलंही सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याचा मीडियम दुसऱ्याच्या मीडियम हेवीला भारी पडतो. एकाच कारखान्यात गोड्या पाण्याच्या मालिकेतला 'हेवी' आणि समुद्राच्या मालिकेतला 'लाइट' यांत कोण जास्त ताठ, हे पैजेवर विचारण्यासारखं आहे.

इंग्रजांनी यावर 'टेस्ट कर्व्ह' शोधला. मूठ पक्की धरायची, शेंड्याला दोरी बांधून तराजूने ओढायचं आणि शेंडा मुठीशी काटकोनात येईल तेव्हा तराजू किती पौंड दाखवतो ते लिहायचं. कार्प माशाच्या मागे लागलेल्या रिचर्ड वॉकरने या मापाला वापराचे साधे नियम जोडले: जेवढे पौंड टेस्ट कर्व्ह तेवढे औंस वजन फेकावं आणि पाचपट पौंडांची दोरी वापरावी. सप्टेंबर 1952 मध्ये हेरेफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात त्याने 44 पौंडी, म्हणजे वीस किलोचा कार्प काढला. त्याचा बांबूचा 'मार्क फोर' रॉड सुमारे दीड पौंड टेस्ट कर्व्हचा होता. मोठ्या माशाला मोठा ताठ रॉडच लागतो या समजुतीला हे उत्तर पुरेसं आहे. आज कार्पचे रॉड पावणेतीन ते साडेतीन पौंडांचे मिळतात, ते मुख्यतः जड शिसं लांब फेकता यावं म्हणून. माशाला तेवढं लागत नाही.

अमेरिकेत डॉ. विल्यम हॅनेमन यांनी 2003च्या सुमारास 'कॉमन सेंट्स' पद्धत मांडली. रॉड आडवा पक्का करून शेंड्याला पिशवी अडकवायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तीत एक-एक सेंटची नाणी टाकत जायची. नाण्यांची संख्या म्हणजे पॉवर. त्या अवस्थेत शेंड्याचा आडव्या रेषेशी होणारा कोन म्हणजे अ‍ॅक्शन: एकोणसाठच्या खाली असला तर मंद, सहासष्टच्या वर गेला तर फास्ट. मूळ पद्धत फ्लाय रॉडसाठी होती, पण कल्पना कुठल्याही ब्लँकला लागू पडते.

हे घरी करायला सेंट लागत नाहीत. जेवणाचं जड टेबल, सुताराकडचा एक शिकंजा आणि ब्लँकभोवती गुंडाळायला जुन्या टायर-ट्यूबचा तुकडा घ्या. मुठीची जागा, म्हणजे बुडाकडची फूटभर लांबी, टेबलावर आवळा. बाहेर राहिलेली लांबी मोजा, समजा 180 सेंटिमीटर. शेंड्याची उंची भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि त्याखाली 60 सेंटिमीटरवर दुसरी खूण. शेंड्याला चिकटपट्टीने दोऱ्याचा फास बसवा, त्यात रिकामी प्लास्टिकची बाटली अडकवा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने तीत पाणी घालत जा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. शेंडा खालच्या खुणेला टेकला की बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. कोन मोबाइलच्या फोटोवर मोजता येतो. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. हे वाकणं ब्लँकला काहीच नाही, फक्त बाटली अचानक सोडून देऊ नका.

एकट्या आकड्याला अर्थ नाही, तुलनेला आहे. म्हणून आधी आपल्याकडचा जो रॉड हाताला बसला आहे तो असाच मोजून ठेवावा, मित्राचा आवडलेला रॉडही मोजावा. नवा ब्लँक मागवताना विक्रेत्याला विचारावं की अमुक वजनाला तो किती वाकतो. काही विक्रेते ही माहिती आता स्वतःहून देतात. ज्याला प्रश्नच कळत नाही त्याच्याकडून स्वस्तातला घ्यावा, महागडा घेऊ नये.

लांबीबद्दल आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे, की लांब रॉड म्हणजे जास्त ताकद. फेक लांब जाते हे खरं. माशाशी झुंजताना मात्र रॉड ही उलटी तरफ असते, आपल्याच विरुद्ध काम करणारी. ड्रॅग चार किलोवर लावला आहे, वाकलेल्या रॉडचा शेंडा बुडापासून आडवा 1.2 मीटर दूर आहे, बूड पोटाला टेकवलं आहे आणि पुढचा हात बुडापासून 40 सेंटिमीटरवर आहे असं धरा. हाताला बारा किलो पेलावे लागतात. शेंडा 1.8 मीटरवर गेला की अठरा. मासा तेवढाच, दोरी तेवढीच, कंबर मात्र आपली. होडीतून सरळ खाली जिग सोडणारे साडेपाच-सहा फुटी रॉड वापरतात ते याचमुळे. त्यांना दूर फेकायचंच नसतं.

उलट मालवण-रत्नागिरीकडच्या कातळांवर उभं राहून गरवायचं तर नऊ-दहा फूट लागतात. लांब फेक हे एक कारण. समोरच्या कालवांनी भरलेल्या खडकांच्या कडेवरून दोरी उचलून धरायची, हे मोठं कारण. इथे 20 ते 40 ग्रॅमचे लूर पेलणारा, शेंड्यात मऊ आणि मध्यापासून ताकद देणारा ब्लँक मला सर्वात उपयोगी वाटतो. जिताड्यासाठी तर नक्कीच. तो लागताच डोकं झटकत पाण्याबाहेर उडी मारतो आणि फार फास्ट, ताठ ब्लँकवर दोरी क्षणभर सैल पडली की गळ निघून येतो. थोडा सावकाश ब्लँक ती सैल उरू देत नाही. शेवाळ-कमळांनी भरलेल्या तळ्यात रबरी बेडकावर मरळ धरणाऱ्याचं गणित वेगळं. मासा लागला की दुसऱ्या क्षणी तो झाडोऱ्याबाहेर ओढून काढायचा असतो. तिथे सात फुटी, हेवी, फास्ट ब्लँकला पर्याय नाही. मऊ तोंडाच्या कटल्याला तोच ब्लँक वापरला तर ओठ फाटून मासा जातो, त्याला दहा-बारा फुटी, मुठीपर्यंत वाकणारा ब्लँक हवा. काच अजून हरलेली नाही ती याच कामात.

एकच रॉड सगळ्याला चालेल का, असं विचारतात. चालेल, सगळीकडे थोडा थोडा नडेल. आणि मासा सोडून देणार असाल तर मुद्दाम नाजूक रॉड वापरण्याची मर्दुमकी नको. झुंज जितकी लांबते तितका मासा थकतो, आणि सोडलेला मासा पोहून गेला म्हणजे जगला असं नसतं.

तुकडे किती असावेत यावर एके काळी तावातावाने भांडणं होत. एकसंध ब्लँक तत्त्वतः उत्तम, पण जोडाचं काम आता इतकं सुधारलं आहे की फरक सांगणाऱ्याला डोळे बांधून परीक्षेला बसवावं. आपल्याला नडतो तो प्रवास. सात फुटी अखंड रॉड घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरून दाखवा. कुरिअरचा हिशोब तर आणखी मजेशीर. परदेशी पार्सलचं भाडं आकारमानावर लागतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागायचं. 215 बाय 10 बाय 10 च्या खोक्याचे होतात 4.3 किलो, आतला ब्लँक शंभर ग्रॅमचाही नसतो. दोन तुकड्यांचा घेतला तर हे भाडं जवळजवळ अर्ध्यावर येतं. वाचलेल्या पैशात बऱ्या गाइड येतात.

ब्लँक आखूड करायची वेळ आली तर बुडाकडून कापावा. लांबी कमी होते, स्वभाव फारसा बदलत नाही. शेंड्याकडून दोन-तीन इंच जरी कापले तरी पॉवर चढते, शेंड्याची नजाकत जाते आणि छापलेला आकडा खोटा ठरतो.

स्पाइनचा वाद राहिला. गुंडाळताना प्रीप्रेगचं टोक जिथे एकावर एक येतं, तिथे नळी एका बाजूला किंचित ताठ होते. ही बाजू, म्हणजेच स्पाइन, शोधून गाइड तिच्या हिशोबाने बांधल्या नाहीत तर रॉड हातात पिळतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. शोधायची रीत म्हणजे बूड गुळगुळीत फरशीवर टेकवून, शेंडा तळहातावर धरून मधे दाबायचं आणि ब्लँक कुठे घरंगळून थांबतो ते पाहायचं. या रीतीची खोट अशी, की ब्लँकमध्ये मुळातला थोडा बाक असला तरी तो असाच घरंगळतो. आपल्याला स्पाइन सापडली की बाक, हे कळत नाही. आणि पिळण्याचं खरं कारण गाइडच्या जागेत आहे. बेटकास्टिंग रॉडवर गाइड वरच्या बाजूला असतात, दोरीचा जोर ब्लँकच्या वरून लागतो आणि तो जोर रॉडला उलटा करू पाहतो. स्पिनिंग रॉडवर गाइड खाली असतात, म्हणून तो स्थिर राहतो, स्पाइन कुठेही असो. बेटकास्टिंगवर ज्यांना हे फार जाणवतं ते गाइड हळूहळू वळवत खाली आणतात, आणि तो उपाय खरोखर चालतो. मी स्पाइनच्या मागे लागत नाही. बाक वर-खाली येईल, डावी-उजवीकडे दिसणार नाही अशी बाजू निवडतो.

जाता जाता दोन सूचना, निवडीशी अर्ध्याच जुळणाऱ्या. कार्बन वीज वाहतो. खाडीच्या बांधावरून जाणाऱ्या वीजतारांखाली नऊ फुटी रॉड उभा धरून चालू नका आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून निघा. दुसरी सूचना बांधणाऱ्यांसाठी. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, समुद्रही खवळलेला, त्यामुळे रॉड बांधायचा हुरूप नेमका तेव्हाच येतो. पण दमट हवेत दोऱ्यावरची इपॉक्सी दुधट पडते. ब्लँक मोजणं, वाळूकागदाने मूठ घासणं, गाइडच्या जागा ठरवणं पावसात उरकावं आणि इपॉक्सीचा हात कोरड्या दिवसासाठी राखावा.

पहिल्यांदाच बांधणार असाल तर माझी शिफारस अशी. सात फुटी, दोन तुकड्यांचा, 24 टनाच्या साध्या कार्बनचा, 7 ते 21 ग्रॅम वजन फेकायला सांगितलेला, मॉडरेट-फास्ट स्पिनिंग ब्लँक घ्या. तळं, खाडी, जेट्टी तिन्ही ठिकाणी तो कामाला येतो आणि हाताळताना झालेल्या चुका सोसतो. तो वर्षभर वापरा, बाटली लावून मोजलेला त्याचा आकडा वहीत लिहून ठेवा, आणि दुसरा ब्लँक त्या आकड्यापेक्षा किती कमी किंवा किती जास्त हवा ते विक्रेत्याला सांगून मागवा. चाळीस टनाचा विचार तिसऱ्या ब्लँकच्या वेळी केला तरी चालतो.